दोन सायकली, एक घंटी

घरापासून स्टेशनापर्यंत सायकल, स्टेशनापासून स्टेशनापर्यंत आगगाडी आणि तेथून कचेरीपर्यंत पुन्हा सायकल, असा त्रिविध प्रवास करून उदरनिर्वाह चालविणारा गृहस्थ आपणां सर्वांच्या परिचयाचा असतो. विजारीच्या उजव्या पायाची क्लिप काढावयाचे तो दिवसभर विसरतो, पावसाळ्यात त्याच्या पाठीवर चिखलाची एक उभी रेघ असते, आणि बस चुकल्याची आपली करुण हकिकत अर्ध्यावर तोडून तो जेव्हा "मग सायकल का नाही घेत?" असे विचारतो, तेव्हा आपल्या मनात उत्पन्न होणाऱ्या भावनेला सात्त्विक म्हणता येणार नाही. आमच्या नानांनी या जातीचे सर्व दोष तर अंगीकारले आहेतच. परंतु त्यांत त्यांनी स्वतःची म्हणून एक भर घातली आहे, आणि ती भर परवा एका मंगल कार्यालयात, अंतरपाट धरलेला असताना, तिसऱ्या मंगलाष्टकाच्या ऐन मध्यावर वाजली.

वाजली म्हणजे अक्षरशः वाजली. नानांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात सायकलीची घंटी होती; मागून कोणी रेटा दिला, नाना खांबावर आदळले, आणि तो खणखणीत नाद ऐकताच वाजंत्रीवाल्यांनी इशारत झाली असे समजून एकदम सनई सुरू केली, वऱ्हाडी मंडळींनी मुठीतल्या सर्व अक्षता उधळल्या, आणि विवाह नियोजित वेळेपूर्वीच लागला. पुरोहितांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. नाना मात्र पंगतीत शांतपणे म्हणाले, "गुरुजींचं घड्याळ मागे होतं."

या घंटीचा पूर्वेतिहास सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. पुणे-लोणावळा मार्गावर विजेची लोकल १९७८च्या मार्चात धावू लागली आणि त्याच सुमारास नाना शिवाजीनगरच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, असे रेल्वेचे म्हणणे असेल. नानांचे तसे नव्हते. बिऱ्हाड तळेगाव दाभाड्यास, आणि तेही गावात. तेथून स्टेशन म्हणजे पायी चांगली अर्ध्या तासाची रपेट, आणि टांगेवाल्याचा घोडा तर लोकलच्या वेळापत्रकास मुळीच बांधील नव्हता. म्हणून तळेगावी एक सायकल आली. ती लोकलमध्ये चढवून पुढे न्यावी, हा विचार नानांनी पहिल्याच सकाळी, डब्याच्या दारात लोंबकळणारा जनसमुदाय अवलोकन करून, कायमचा दप्तरदाखल केला, आणि पुढल्याच रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरी सायकल खरेदी करून ती शिवाजीनगर स्टेशनाबाहेरच्या स्टँडवर तैनात केली. तळेगावची सायकल दिवसा विश्रांती घेई, शिवाजीनगरची रात्री. आणि मधला घोरावाडी, देहूरोड, आकुर्डी, पिंपरी, खडकी हा सारा मुलूख नाना आमच्यासमवेत उभ्याने पार करीत.

येथपर्यंतची योजना निर्दोष होती, हे मला आज मान्य करावे लागते. परंतु पहिला पंधरवडा उलटतो न उलटतो तोच शिवाजीनगरच्या सायकलीची घंटी चोरीस गेली. स्टँडवाल्याने भिंतीवरील फलकाकडे बोट केले: 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी मालकावर राहील.' नानांनी त्यास लेखी विचारले की, घंटी मौल्यवान असेल तर आपण राखण कसली करता, आणि मौल्यवान नसेल तर ती चोरीस का गेली. या पत्रास उत्तर आले नाही. नवी घंटी बसविली, तीही गेली. तेव्हा नानांनी एक रात्र विचारात घालविली आणि दुसऱ्या दिवशी, खडकीच्या अलीकडे, आम्हांस आपला सिद्धांत ऐकविला: माणूस एका वेळी एकाच सायकलीवर बसतो, सबब त्यास एकाहून अधिक घंट्या बाळगण्याचे काही प्रयोजन नाही.

तेव्हापासून दोन सायकली आणि एक घंटी असा संसार सुरू झाला. तळेगावी घंटी काढावयाची, शिवाजीनगरास लावावयाची, कचेरीच्या आवारात पुन्हा काढावयाची (सरकारी आवारासारखे चोरीस अनुकूल स्थळ नाही, असे त्यांचे मत), आणि संध्याकाळी हाच क्रम उलट. म्हणजे दिवसाकाठी सहा वेळा दोन स्क्रू फिरवावयाचे. यासाठी त्यांच्यापाशी आयुध होते ते पावलीचे. २५ पैशांच्या नाण्याची कड त्या स्क्रूच्या खाचेत अशी काही बसे, की टांकसाळीने ते नाणे याच हेतूने पाडले असावे असा भास होई. २०११च्या जूनअखेरीस सरकारने पावली चलनातून काढून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. परंतु पावली ज्याच्या हातून एक दिवसही निवृत्त झाली नाही असा नागरिक माझ्या पाहण्यात एकच आहे. "सरकारनं तिची किंमत काढून घेतली," नाना म्हणाले, "कड नाही काढून घेतली."

आमच्या डब्यात पत्ते कुटणारी एक हिशेबी मंडळी होती. त्यांनी एकदा कागदावर मांडून सिद्ध केले की, सायकलीमुळे नानांचा जितका वेळ वाचतो त्याहून अधिक वेळ स्क्रू फिरविण्यात खर्ची पडतो. कागद नानांच्या हाती देण्यात आला. त्यांनी तो एखाद्या अव्वल कारकुनास शोभेल अशा सावकाशीने वाचला, घडी घातली आणि परत केला. "अहो, वेळ वाचवायला सायकल आहे. घंटी वाचवायला स्क्रू आहेत. दोन वेगळी खाती आहेत ही. एकाचा खर्च दुसऱ्याच्या नावे टाकू नका." लेखापरीक्षणाची चर्चा तेथेच संपली.

प्रवासात ती घंटी खिशात स्वस्थ बसती तर माझी काही तक्रार नव्हती. पण पिंपरीस कामगारांचा लोंढा आत शिरे, कोणाचे तरी कोपर नानांच्या छातीवर दाबले जाई, आणि घंटी वाजे. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ख्यात होते त्या काळाचा एक संस्कार इथल्या माणसाच्या अंगी इतका मुरला आहे की, पाठीमागे घंटी वाजली की तो प्रथम बाजूस सरतो आणि भांडतो मागाहून. चालत्या आगगाडीत आपल्या मागे सायकल असणे असंभवनीय आहे, हा विचार त्याच्या मनास शिवेपर्यंत नाना त्याच्या पुढे गेलेले असत. ही गोष्ट आरंभी योगायोगाने घडे; पुढे पुढे मी पाहिले की, शिवाजीनगर जवळ आले म्हणजे नानांचा उजवा हात, जणू छातीत कळ आल्यासारखा, हळूच खिशाकडे जाई. फलाटावर सर्वांआधी उतरणारा मनुष्य तेच असत.

कचेरीत तर अनर्थच होता. साहेबांच्या मेजावर शिपायाला बोलावण्याची जी पितळी घंटी असे, तिचा आणि नानांच्या घंटीचा सूर एकच. नाना फायलीवर वाकले की खिशातून नाद निघे, शिपाई साहेबांच्या दालनात धावे, साहेब म्हणत, "मी बोलावलं नाही." असे सहा महिने चालल्यावर शिपायाने, खरी घंटी वाजली तरी जागचे हलावयाचे नाही, असा पवित्रा घेतला. तेव्हा साहेबांनी एक फर्मान काढले, की कोणाही कर्मचाऱ्याने कार्यालयात वाहनोपयोगी ध्वनिसाधन आणू नये. नानांचा खुलासा तीन परिच्छेदांचा होता. सदर वस्तू वाहनास जोडलेली असेल तरच तिला वाहनोपयोगी म्हणता येईल. सांप्रत ती जोडलेली नाही. आणि जोडली असता ती कार्यालयात येत नाही. सबब हुकूम त्यांस लागू होत नव्हता. साहेबांनी त्या खुलाशावर 'पाहिले' असा शेरा मारला आणि आपल्या मेजावरची घंटी बदलून विजेची घेतली.

मुंबईच्या डबेवाल्यांविषयी नानांना गुरुभाव होता. १८९० पासून चालत आलेली ती व्यवस्था म्हणजे घरोघरी सायकलीने डबे गोळा करणे, लोकलने ते दक्षिणेस नेणे आणि उतरल्यावर पुन्हा सायकल किंवा हातगाडी. नानांच्या मते आपल्या योजनेचे ते केवळ विस्तृत रूप होते. एकदा ते मुद्दाम चर्चगेटास जाऊन दोन तास त्यांचे काम न्याहाळत उभे राहिले. लाखो डब्यांतून प्रत्येक डबा झाकणावरील खुणांच्या आधारे आपल्या धन्यास कसा पोहोचतो, हे जगाला वाटणारे आश्चर्य त्यांना वाटले नाही. "सगळं उत्तम," परत आल्यावर ते म्हणाले, "पण डब्यांच्या गर्दीत घंटी कुठे दिसली नाही."

तीच कथा परदेशाची. त्यांची भाची हॉलंडात उट्रेख्ट येथे नोकरीस आहे. तेथील रेल्वे स्टेशनाखाली १२,५०० सायकली राहू शकतील असा तळ बांधलेला असून तो २०१९ साली पुरा झाला. माणूस सायकलीवर बसूनच आत शिरतो, सायकल ठेवतो आणि जिना चढून फलाटावर जातो. तिने छायाचित्रे पाठविली. नानांनी ती चष्मा लावून, चष्मा काढून, पुन्हा लावून पाहिली आणि दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारला: "घंट्या कुठे ठेवतात?" भाची म्हणाली, "घंट्या सायकलीलाच असतात, मामा. इथे घंट्या नाही चोरत. चोरली तर अख्खी सायकल चोरतात." नाना क्षणभर थांबले. "मग घंटी काढून नेली असती, तर निदान घंटी तरी वाचली असती."

येथवर लिहिल्यावर थांबावे असा माझा विचार होता. परंतु नानांच्या निवृत्तीच्या समारंभात मी हजर होतो, आणि तेथे जे ऐकले ते गाळले तर त्या शिपायावर अन्याय होईल. शाल, श्रीफळ आणि भाषणे झाल्यावर हाच शिपाई, ज्याने नानांच्या घंटीपायी साहेबांची बोलणी खाल्ली होती, तो अनपेक्षितपणे उभा राहिला आणि म्हणाला की, आपला मुलगा कर्वे रस्त्यावरील महाविद्यालयात होता ती तीन वर्षे नाना कचेरीत आले की सायकलीची किल्ली त्याच्या हवाली करीत. मुलगा अकराला जाई आणि पाचच्या आत सायकल जागेवर आणून लावी. पंक्चर झाले तर पैसे नानांचे. कचेरीत कोणास याचा सुगावा नव्हता. आम्हां गाडीतल्या सोबत्यांनाही नव्हता, आणि ज्या माणसाने स्क्रूच्या खाचेचीदेखील हकिकत आम्हांस शेकडो वेळा सांगितली, त्याने एवढी एकच गोष्ट तोंडातून काढली नाही, याचा मला त्या दिवशी काहीसा रागच आला. "किल्ली द्यायचे," शिपाई डोळे पुसत म्हणाला, "फक्त घंटी नाही दिली कधी. पोरगं तीन वर्षं 'बाजूला, बाजूला' ओरडत कॉलेजला गेलं." तो मुलगा आज चांगल्या हुद्द्यावर असून मोटारीतून फिरतो, आणि सिग्नल तांबडा असतानाही हॉर्नवरचा हात काढीत नाही, अशी त्याच्या शेजाऱ्यांची फिर्याद आहे.

त्याच समारंभात सहकाऱ्यांनी वर्गणी काढून नानांना एक नवी, चकचकीत घंटी भेट दिली. सर्व हसले. नानांनी ती हातात घेऊन एकदा वाजवून पाहिली. "आता दुसरी घंटी काय करू?" ते म्हणाले. "उद्यापासून सायकल एकच राहणार." मग कोणी हसले नाही, आणि चहा आला.

यानंतर शहराला सायकलींची आठवण आली. रुंद रस्त्यांच्या कडेने रंगीत मार्ग आखले गेले, त्यांवर फळांच्या गाड्या आणि स्वयंचलित दुचाक्या यथास्थित विराजमान झाल्या; २०१७च्या अखेरीस महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या झगझगीत सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. स्टेशनावर उतरलेल्या माणसाने पुढे कसे जावे, या प्रश्नावर परिसंवाद झाले. ज्या एका माणसाने तो प्रश्न दोन जुन्या सायकली आणि एका पावलीच्या बळावर सोडविला होता, त्यास कोणी आमंत्रण धाडले नाही, हे एका अर्थी बरेच झाले. परिसंवाद स्क्रूंवरच संपला असता.

नाना आता चिंचवडास मुलाकडे असतात. मेट्रो सुरू झाली, आणि तीत सायकल घेऊन जाण्यास मुभा आहे असे कळल्यावर ते तळेगावची सायकल घेऊन पिंपरीच्या स्थानकावर गेले. सोबतीला मी होतो. एकच सायकल, घराच्या दारापासून शिवाजीनगरच्या दारापर्यंत. स्टँड नाही, चोर नाही, तीन तपे ज्या चिंतेने जीव पोखरला तिचे मूळच उच्छिन्न झाले होते. नानांनी स्थानकाच्या प्रवेशद्वाराशी सायकल थांबविली, खिशातून पावली काढली आणि घंटी सोडवून सदऱ्यात टाकली. मी म्हणालो, "नाना, अहो, सायकल तुमच्याजवळच राहणार आहे." ते म्हणाले, "गाडीत काय घंटी वाजवायचीय?"

तपासणीच्या चौकटीतून जाताना यंत्र किंचाळले. रक्षकाने खिसा रिकामा करण्यास सांगितले, घंटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, शेजारी उभ्या असलेल्या सायकलीकडे पाहिले, मग नानांकडे, आणि आपल्या वरिष्ठास हाक मारली. वरिष्ठाने तिचा खटका दाबला. आमच्यापुढे उभी असलेली सगळी रांग, मागे वळूनही न पाहता, दोन पावले डावीकडे सरकली.

प्रत्येक डब्यात सायकलीच्या शेजारी घंटी अडकविण्यासाठी एक खुंटी असावी, अशा आशयाचा अर्ज नानांनी त्याच आठवड्यात तयार केला. मसुदा चार पानांचा असून सोबत आकृती जोडली आहे. खाली तीन सह्या आहेत: नानांची, त्या शिपायाची आणि माझी. माझी केवळ भिडेखातर आहे.