बत्तीस फुटी थंडी

डोंबिवलीत खोली गरम करायचं यंत्र विकणारं दुकान मी अजून पाहिलेलं नाही. गरजच काय? वरच्या मजल्यावर पश्चिमेकडची खोली घ्या, मार्चपासून काम फुकटात होतं. डिसेंबरात पहाटे पारा १६-१७ अंशांवर आला की फडके रोडवर माकडटोप्यांचं संमेलन भरतं. सकाळची फास्ट येईपर्यंत त्याच मंडळींचे स्वेटर कमरेला बांधलेले असतात. अशा गावात राहून आमच्या घराण्याने एका थंडीत ज्या विषयावर डोकं तापवलं, तो विषय होता शिडाच्या होडीची केबिन गरम कशी ठेवावी.

होडी माझ्या भाच्याची. तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबानजवळ राहतो. काम घरून करतो, आणि ते घर ३२ फुटी जुनी होडी आहे, हे त्याने व्यवहार उरकल्यावर कळवलं. ‘तिकडे भाडी फार वाढलीत का रे?’ एवढंच ताईने विचारलं. भाऊजींची मात्र छाती फुगली. जन्म दुर्गाडीच्या पायथ्याशी, नोकरी कल्याणच्या डिझेल लोको शेडमध्ये. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात आपल्याच खाडीत झाली, हे ते दूधवाल्यालाही ऐकवतात.

‘महाराजांच्या गलबतांवर हीटर नव्हता,’ भाऊजी म्हणाले.

‘गलबतं कोकणात फिरत होती, अहो,’ ताई म्हणाली. तिचा आदर्श वेगळा होता. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, पार केप हॉर्नला वळसा घालून. त्या सगळ्या पराक्रमातला ‘घरी परत आले’ हा भाग ताईला सर्वात मोलाचा वाटतो.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बैठक बसू लागली. तिकडे भाचा टोपी, दोन जाकिटं आणि हातमोजे घालून. इकडे भाऊजी बनियनवर, डोक्यावर पंखा पाचवर.

पहिला प्रश्न, हीटर केवढा हवा. ३२ फुटी होडीला दोनेक किलोवॅट, थंडी कडक असेल तर चार, असं भाचा म्हणाला. इथे माझा अनुभव कामी आला. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे दोन किलोवॅटला वीस माणसं. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ प्रवासी उभे असतात, हा रेल्वेचाच हिशेब. तेव्हा दरवाज्यालगतचे दीड चौरस मीटर डोंबिवलीकर उचलून होडीत ठेवले की झालं. डिझेल नको, बॅटरी नको.

‘मामा, ते श्वासही घेतील,’ भाचा म्हणाला.

आणि खरी गोम तिथेच होती. होडीतला मुख्य शत्रू थंडी नसून ओल आहे. एक माणूस रात्रभरात पाव लिटरभर पाणी श्वासातून आणि त्वचेतून हवेत सोडतो. ती वाफ फायबरच्या गार भिंतीवर जमते आणि पहाटे टपटप उशीवर पडते. हे ऐकल्यावर ताईने चष्मा लावला. वन बीएचकेत चार माणसं, जुलै महिना, दोरीवर न वाळणारे युनिफॉर्म, कपाटामागे बुरशी; या विद्याशाखेत तिची तीस वर्षं गेलीत.

‘गादी थेट फळीवर टाकलीयस ना? उचल. खाली पट्ट्या ठोक, हवा खेळू दे. आणि स्वयंपाक करताना वरची खिडकी उघडायची. थंडी वाजली तरी उघडायची.’

भाचा गप्प झाला. होडीवर जन्म काढलेल्या शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला शब्दशः हेच सांगितलं होतं.

त्यामुळे गॅस हीटर पहिल्याच फेरीत बाद झाला. धुराडं नसेल तर एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन केबिनमध्येच राहतं. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर होडीच्या तळाशी जाऊन बसतो, आणि तळाला खिडकी ठेवता येत नाही. ताईला एवढ्या खोलात जायची गरजच पडली नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणूस दगावल्याची बातमी आपल्याकडे थंडीत वाचायला मिळतेच. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. ‘गॅस नाही,’ ती म्हणाली, आणि विषय संपला.

मग रॉकेलवरचा हीटर आला. आधी स्पिरिटने बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. ‘अय्या, हा तर आपला स्टोव्हच!’ ताई एकदम माहेरी पोचली. काकडा, पिन, भडका, काजळलेली भिंत, सगळं तिने हातवारे करून दाखवलं आणि शेवटी म्हणाली, ‘नको. त्यातून सुटायला मी सिलिंडरसाठी किती वर्षं नंबर लावला होता!’ लाकडाच्या शेगडीची शिफारस माझी. मला बंबाच्या पाण्याची आठवण येते. पण सरपण ठेवलं तर भाच्याला झोपायला जागा उरेना. विजेचा हीटर धक्क्याला बांधलेल्या होडीपुरता; नांगर टाकला की वायर कुठे लावणार?

राहिलं डिझेल. भाऊजींनी बनियनवर शर्ट चढवला.

डिझेलमध्ये दोन घराणी. एक डॅनिश रेफ्लेक्ससारख्या शेगड्यांचं: डिझेल थेंबाथेंबाने उतरतं, आवाज नाही, वीज नाही, वर धुराडं. दुसरं जर्मन, वेबास्टो आणि एबरश्पेशर: जळायला लागणारी हवा बाहेरून घेतात, धूर बाहेर सोडतात आणि केबिनमध्ये नुसती कोरडी गरम हवा फुंकतात. ओलीवर रामबाण. मात्र सुरू होताना ग्लो प्लग दहाएक अँपिअर खेचतो. बॅटरी उतरलेली असली तर यंत्र नेमकं कडाक्याच्या रात्री रुसतं.

‘मंद ठेवून तासन्‌तास चालवू नकोस,’ भाऊजी म्हणाले. ‘काजळी धरते. अधूनमधून फुल्ल लोड दे. आमची इंजिनं यार्डात नुसती आयडलवर उभी राहिली की असंच व्हायचं. आणि टाकीत पाणी उतरतं, फिल्टर बघत जा.’ हेच सगळं माहितीपुस्तकात छापलेलं निघालं, आणि भाऊजींनी ते स्वतःचंच पुस्तक असल्याच्या थाटात स्वीकारलं.

जर्मन हीटर बसला, दोन कार्बन मोनॉक्साइड अलार्मही लागले. पण ताईचा यंत्रावर विश्वास नाही. तिने भडंग, मेतकूट आणि स्वतः विणलेली माकडटोपी खोक्यात भरली आणि आम्ही तिघे कुरिअरच्या दुकानात गेलो. फॉर्मवर सामानाचं वर्णन लिहायचं होतं. भाऊजींनी टोपीसमोर सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘केबिन हीटिंग सिस्टिम, १ नग’.

काउंटरवरच्या पोराने खोक्याकडे संशयाने पाहिलं. ‘काका, आत बॅटरी नाही ना?’

‘लोकर आहे,’ ताई म्हणाली. ‘धुतलेली.’