काम विलायतेला, अर्ज दर्यापुरात

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी मोठे दिलदार गृहस्थ. परदेशी मालामुळे ज्याचं काम जाईल त्याला सरकार भत्ता देईल, नवं कामही शिकवील, असा कायदा त्यांच्या कारकिर्दीत 1962 साली झाला. कामगारांनी अर्ज केले. 1969 उजाडेपर्यंत त्यातले मंजूर झाले किती? शून्य. अटच तशी होती. काम आयातीमुळे गेलं, आणि ती आयात सरकारनं जकात कमी केली म्हणूनच वाढली, हे कामगारानं सिद्ध करायचं. 1974 मध्ये अटी सैल झाल्या, पुढं बऱ्याच लोकांना पैसेही मिळाले. मग 2022 मध्ये योजनेची मुदत संपली आणि 1 जुलैपासून नव्या अर्जांची तपासणीच थांबली. आपण वॉशिंग्टनला उगाच परकं समजत होतो बाप्पा. कारभार तर थेट आपल्या तहसीलसारखा!

तसं पाहता या बाबतीत वऱ्हाड केनेडीच्या शंभर वर्षं पुढं आहे. 1860 नंतर अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरचा कापूस अडला आणि साहेबाला खामगाव-अमरावती आठवली. आगगाडी आली. जाताना रुई नेऊ लागली, येताना कापड आणू लागली. इथल्या विणकराचं काम बसल्या जागी विलायतेला गेलं. मूर्तिजापूरहून दर्यापूरच्या बनोसा स्टेशनावरून अंजनगाव, अचलपूरकडे जायची ती शकुंतला गाडीही याच कापसासाठी टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन 1921 सालचं, बनावट मँचेस्टरची. म्हणजे माल न्यायला गाडीही गिऱ्हाइकाच्याच गावची! देश स्वतंत्र झाला तरी ही लाइन किलिक निक्सनच्या कंपनीकडेच राहिली. सरकार करारानं गाडी चालवायचं आणि मालकाला पैसे मोजायचं. रुळांच्या मालकाची एवढी काळजी. मागाच्या मालकासाठी काय केलं, असं कोणी विचारील, तर काहीच केलं नाही असं नाही. 1899-1900 च्या दुष्काळात खडी फोडायचं काम दिलं होतं. त्याला आता कौशल्य विकास म्हणतात.

पुढं आपल्या गिरण्या आल्या आणि गेल्याही. 1986 साली दिल्लीनं गिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. छान योजना. अट एवढीच की गिरणी खाजगी हवी आणि कायमची बंद झालेली हवी. आता अकोल्याची सावतराम आणि अचलपूरची विदर्भ मिल 1974 च्या राष्ट्रीयीकरणात सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेल्या. मालक सरकार, म्हणून गिरणी खाजगी नाही, म्हणून निधी नाही. स्वेच्छानिवृत्ती घ्या आणि घरी जा. त्यातली स्वेच्छा कोणाची, हे फॉर्मवर विचारत नाहीत.

मग त्याच महामंडळानं मुंबईची फिनले मिल अचलपुरात उभी केली. लोकांना वाटलं, दिवस फिरले. मार्च 2020 मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि मिल थांबली. टाळेबंदी उठली, मिल उठली नाही. कामगारांनी मोर्चे काढले, अर्ध्या पगारावर दिवस काढले. पण कागदोपत्री मिल बंद केलेली नव्हती, नुसती बंद पडलेली होती. ती चालू नाही म्हणून काम नाही, आणि ती संपलेली नाही म्हणून कामगार बेकार नाही!

खुद्द दर्यापूरची गोष्ट आणखी मजेदार. खारपाणपट्ट्यातला हा गाव, कारखानदारी म्हणून हाताशी काय, तर जिनिंग-प्रेसिंग. काम गेलेल्या विमाधारकाला भत्ता देणारी अटल योजना 2018 मध्ये आली, पण ती राज्य कामगार विम्यात असलेल्यांना. आणि विम्याच्या कायद्यानं हंगामी कारखाने बाहेर ठेवलेत. त्यांची यादीच दिली आहे. कापसाचं जिनिंग, कापूस नाहीतर तागाचं प्रेसिंग, भुईमूग फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, गुळासकट साखर, चहा. नवी सामाजिक सुरक्षा संहिता 2020 साली आली, तिच्यातही हीच यादी. नीळ पिकवणारे गोरे जाऊन जमाना झाला, पण यादीतून निळीला काढायची कोणाची छाती नाही. जिनिंगवाला तिच्या शेजारी बसलाय.

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के कर बसवला. सरकारनं कापडवाल्यांच्या मदतीला धावून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्कच काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमकी आपली कपाशी घरात यायची तेव्हा. सूतगिरणीनं परदेशी गाठ घेतली की इथल्या जिनिंगचे दिवस तेवढे कमी, हा हिशेब चौथीतलं पोरगंही करील. केनेडीच्या कायद्यातली ती अवघड अट दर्यापुरात आपोआप पुरी झाली. जकात सरकारनंच काढली, सिद्ध काय करायचं?

समजा, आपला माणूस गेलाच हाफिसात.

"साहेब, माह्यं काम गेलं."

"कुठं गेलं?"

"विलायतेले."

"कारखाना बंद झाला का?"

"नाई जी. औंदा लवकर थांबला."

"मग काम नाही गेलं भाऊ, हंगाम गेला. विमा नंबर?"

"नाई."

"हजेरीचा कागद?"

"ठेकेदाराच्या डायरीत हाये."

साहेब माणूस चांगला. त्यानं चष्मा पुसला, यादी उघडून समोर धरली आणि धीर दिला, "मनाला लावून घेऊ नका. तुमचा निळीचा कारखाना असता तरी मी हेच सांगितलं असतं."