आधी शर्यत फोटोची

यवतमाळात कुठल्याही ‘रन’चा झेंडा हलला की पहिले दोनशे मीटर थेट ऑलिम्पिकचे. फोटोग्राफर तिथंच उभा असतो ना! उद्घाटक पाहुणेही पन्नास पावलं धावतात नि गाडीत बसतात. दमाचं गणित अचूक जमलेले तेवढे एकच. बाकी पोट्टे दत्त चौकापर्यंत वाऱ्यावर, आणि आर्णी रोडला लागेस्तोवर कमरेवर हात, तोंडात केळं.

2019 साली व्हिएन्नात केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगेनं 42 किलोमीटर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत संपवले. जवळपास प्रत्येक किलोमीटर 2 मिनिटं 50 सेकंदांचा; पहिला तसाच चाळिसावा. सुरुवातीलाच सुसाट सुटलं की स्नायूंतलं ग्लायकोजेन लवकर संपतं, असं शास्त्र सांगतं. सांगू द्या. व्हॉट्सॲप स्टेटसला ग्लायकोजेन लागत नाही.

एकसारख्या चालीनं पुढं धावणारा पेसर हवाच असेल तर आपल्याकडं मूर्तिजापूर–यवतमाळ शकुंतला रेल्वे होती. 1994 पर्यंत वाफेवर, मग डिझेलवर. पण चाल तीच, कुणी टाळ्या वाजवो न वाजवो. ती आपण बंद पाडली. रन मात्र होतात, टी-शर्टसकट, आणि टी-शर्ट धावण्याआधीच मिळतो.