फोटो, गाणं आणि आक्षेप क्रमांक एक

चार मराठी माणसं जमून आपापल्या आठवणी लिहायला आणि एकमेकांना वाचून दाखवायला लागली, की त्यांच्यात प्रतिसाद देणारे एक काका आपोआप तयार होतात. गाव कुठलंही असो. पण रायपूरचे काका वेगळे. पुण्यात चांगला श्रोता मिळाला नाही तर माणूस दुसऱ्या मंडळात जातो. रायपूरहून नागपूरच तीनशे किलोमीटर आहे. तेव्हा इथे लेख लिहिला, की तो काकांच्या हातून सुटत नाही.

काका सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. आमचा हा लेखनाचा वर्ग रविवारी संध्याकाळी चौबे कॉलनीतल्या कुणाच्या तरी घरी भरतो. तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांतून, शंकरनगरातून आणि कधीमधी भिलाईहूनही लोक येतात. बँकेतून निवृत्त झालेले भाऊ, संगीत शिकवणाऱ्या ताई, दोन-तीन गृहिणी आणि शाळेत शिकवणारी एक तरुण मुलगी. लिहिण्याचे विषय ठरलेले: आई, वडील, आजी, पहिली नोकरी, पाऊस. काकांचा प्रतिसादही ठरलेला, आणि त्याचे हप्ते तीन. आधी फोटो, मग गाणं, शेवटी आक्षेप.

फोटो लेख संपायच्या आत येतो. वाचणाऱ्या वहिनी आवंढा गिळत शेवटच्या परिच्छेदाशी असतात आणि खोलीतले सगळे मोबाइल एकदम टुणटुणतात. आईवर लेख असेल तर समई, वडिलांवर असेल तर वटवृक्ष, आजीला तुळशीवृंदावन. निवृत्तीवरच्या लेखाला मावळता सूर्य. आता सूर्य मावळतीचा की उगवतीचा हे फोटोवरून कळत नाही, आणि सकाळी सुप्रभात म्हणून आलेला तोच असतो, हे चाणाक्षांच्या लक्षात आलेलं आहे. एका बाईंनी तेलीबांधा तलावाच्या काठावरच्या संध्याकाळींवर फार हळुवार लिहिलं. त्या काठाला रायपूरकर कौतुकानं मरीन ड्राइव्ह म्हणतात. लेखात तो शब्द दोनदा आला होता. काकांनी मुंबईचं मरीन ड्राइव्ह पाठवलं, रात्रीच्या दिव्यांसकट. महादेव घाटावरच्या लेखाला बनारस मिळालं. खारुन नदीचा फोटो मोबाइलवर सापडत नव्हता, असं कारण मिळालं. घाटाखालची ही नदी चौबे कॉलनीपासून चार-सहा किलोमीटरवर वाहते.

झेंडूचं प्रकरण मात्र गाजलं. भाऊंनी जन्मात पहिल्यांदा एक लेख कवितेच्या अंगानं लिहिला आणि काकांनी त्यांना टोपलीभर झेंडूच्या फुलांचा फोटो पाठवला. भाऊ मराठीचे जुने वाचक. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ निघालं. कवी चहा घेत एकमेकांच्या कविता ऐकायचे, दाद द्यायचे. त्यांच्या त्या कवितांवर आचार्य अत्र्यांनी 1925 साली विडंबनांचं पुस्तक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘झेंडूची फुले’. मराठी कवीला झेंडू पाठवणं म्हणजे काय, हे भाऊंना कुणी सांगायला नको होतं. दोन रविवार ते आले नाहीत. काकांचा बिचाऱ्यांचा हेतू दसऱ्याचा होता.

दुसरा हप्ता गाण्याचा. काका ते स्वतः म्हणतात. घरी असले तर ध्वनिमुद्रण करून पाठवतात आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. भांडार मुख्यतः गीतरामायणाचं. गाणी 56 आहेत, आणि माणसाच्या आयुष्यात याहून जास्त प्रसंग येत नाहीत असा काकांचा हिशेब आहे. बदली झाली, वनवास. भावाशी वाटणीवरून वाजलं, भरत. सुनेनं वेगळं बिऱ्हाड केलं, तरी एक गाणं निघतंच. शिवाय त्यावर ते आजोळचा हक्क सांगतात. छत्तीसगड म्हणजे जुनं दक्षिण कोसल, कौसल्येचं माहेर, अशी इथली श्रद्धा. रायपूरजवळ चंदखुरीला तिचं मंदिर आहे. राम या मुलखाचा भाचा, म्हणून इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. “तुमच्या पुण्या-मुंबईत राम देव असेल नं बाप्पा,” काका म्हणतात, “आमच्याकडे तो बहिणीचा पोरगा आहे.” या युक्तिवादापुढे कुणाचं काही चालत नाही.

एकदाच चाललं. दुसऱ्याच लेखाच्या शेवटी कुणाचे तरी वडील गेले आणि काकांनी डोळे मिटून भैरवी लावली. मनापासून गायले, चांगलं गायले. संगीताच्या ताई शांतपणे म्हणाल्या, “काका, भैरवी झाली. आता मैफल संपली.” अजून तीन लेख वाचायचे होते. चिवडा यायचा होता. भैरवीनंतर काही सादर करावं की नाही यावर अर्धा तास वाद झाला, आणि शेवटी लेख म्हणजे गाणं नव्हे या मुद्द्यावर परवानगी मिळाली. ज्यांचे लेख राहिले होते त्यांना तो मुद्दा लागला.

इथवर काका कुठल्याही गावात सापडतील. त्यांचं खरं अंग तिसऱ्या हप्त्यात दिसतं. वर्गात सगळे जण लेखाला “छान”, “डोळ्यात पाणी आलं”, “एकदम झकास जमून गेला” एवढंच म्हणतात आणि बशी पुढे ओढतात. काका रात्री जागून आक्षेप लिहितात. क्रमांक घालून, समास सोडून, वर एक ओळ: “सूचना रचनात्मक आहेत, मनाला लावून घेऊ नये.” ही ओळ वाचली की माणूस आधीच मनाला लावून घेतो.

एका वहिनींनी लिहिलं होतं की 1952 साली रायपूरच्या वाड्यात रेडिओवर गीतरामायण लागलं की आजी पदर डोळ्यांना लावायची. सगळ्यांनी पदर, रुमाल जे होतं ते लावलं. काकांचा आक्षेप क्रमांक 1: गीतरामायणाचं पहिलं गाणं पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला लागलं. आक्षेप क्रमांक 2: रायपूरला तेव्हा आकाशवाणी केंद्रच नव्हतं, ते 1963 साली आलं. शिफारस: आजीला तीन वर्षं थांबवावं आणि रेडिओ कुठल्या केंद्रावर लावला होता ते नमूद करावं. वहिनी संतापल्या. मग त्यांनी गोंदियाच्या आत्याला फोन केला, आणि कळलं की रडायची ती आजी नव्हतीच, धाकटी काकी होती. आजीला गाणं आवडायचं नाही. नव्यानं लिहिलेला लेख पहिल्यापेक्षा दुप्पट चांगला झाला, हे वर्गातल्या सगळ्यांचं मत आहे. वहिनींचं सोडून.

शाळेत शिकवणाऱ्या मुलीनं एकदा काकांना आवरायचा शास्त्रीय प्रयत्न केला. 1996 साली क्लुगर आणि डेनिसी या दोघा संशोधकांनी अभिप्रायांवरचे जुने प्रयोग एकत्र तपासले होते. अभिप्राय मिळाल्यावर काम सुधारण्याऐवजी बिघडलं, असे दाखले एक तृतीयांशाहून जास्त निघाले. काकांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे दोन तृतीयांश फायद्यात! एवढं व्याज कोणती बँक देऊन राहिली, पोरी?” तिनं मग अमेरिकेतल्या आयोवाचं उदाहरण काढलं. तिथल्या विद्यापीठात 1936 पासून लेखनाची कार्यशाळा चालते, आणि इतर जण बोलत असताना लेखकानं गप्प बसायचं ही तिथली जुनी रीत. काकांना ती फारच पटली. रायपूरला लेखक गप्पच बसतो, त्याला बोलायची संधी मिळत नाही.

काकांचा आदर्श मात्र आयोवाचा नाही, घरचा आहे. माधवराव सप्रे मराठी घरातले, रायपूरला शिकलेले. पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवण्याची नोकरी करत त्यांनी रामराव चिंचोलकरांबरोबर 1900 साली ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. वामनराव लाखे त्याचे प्रकाशक. रायपूरचं लाखेनगर त्यांच्याच नावाचं. मासिक तीनच वर्षं चाललं, पण नव्या पुस्तकांची सविस्तर परीक्षणं ते छापत असे, आणि हिंदी समीक्षेचा इतिहास सांगताना सप्र्यांचं नाव आरंभालाच घ्यावं लागतं. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं तेही त्यांनीच. “हिंदीला परीक्षण शिकवलं ते आपल्या माणसानं,” काका म्हणतात, “आणि आपण काय करून राहिलो? छान, छान!” यात तथ्य आहे. सप्रे समई पाठवत नसत, एवढाच फरक.

खरं तर वर्गातला प्रत्येक लेख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा माणूस एकच आहे, आणि हे सगळ्यांना पक्कं माहीत आहे. काका एकदा पंधरा दिवस मुलाकडे बंगळूरूला गेले, तेव्हा लेख पाच वाचले गेले आणि सगळ्यांना “छान” मिळालं. भाऊंनी न राहवून काकांना फोन केला. कारण तब्येतीचं सांगितलं, पण फोनवर पूर्ण लेख वाचून दाखवला.

गेल्या दिवाळीआधी काकांनी स्वतः लेख लिहिला. पहिलाच. आईवर. दीड पान, साधं, एकही गाणं नाही. वर्ग वाट पाहत होता की आता तारखांची रांग लागेल, गावांची नावं येतील, पुरावे येतील. एकही सन नव्हता. आई कधी रायपूरला आली, कधी गेली, काही नाही. वाचून झाल्यावर कुणाचाच मोबाइल वाजला नाही. भाऊ “छान” म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. रात्री शाळेतल्या त्या मुलीनं काकांना एका ओळीचा निरोप पाठवला. “आक्षेप क्रमांक 1: लेखात सन नमूद केलेला नाही. सूचना रचनात्मक आहे.”

काकांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: “आक्षेप मान्य. अनुपालन यथावकाश सादर करण्यात येईल.”

दिवाळी होऊन गेली, संक्रांत झाली. बाकीच्यांच्या लेखांवरचे आक्षेप वेळेवर येत आहेत. हे अनुपालन तेवढं प्रलंबित आहे.