आमच्याकडे अस्संच होतं!

संग्रहालयात माणसाचे डोळे थकायच्या आत पाय थकतात. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली या दुखण्याची चक्क छायाचित्रं प्रसिद्ध केली. एका माणसाला त्यांनी कपाटांतल्या वस्तूंवर प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्या बिचाऱ्याला किती वाकावं, किती उकिडवं बसावं लागतं ते टिपून ठेवलं. बघणाऱ्याच्या अरसिकतेबद्दल बोलण्याआधी कपाटाची उंची तपासा, हा त्याचा मथितार्थ. शंभर वर्षं उलटली, तरी खालच्या फळीवरची बारीक अक्षरांतली पाटी वाचताना आपण अजूनही त्याच फोटोत असतो.

पुढे आर्थर मेल्टन या मानसशास्त्रज्ञाला आढळलं, की दालनात शिरल्यावर बहुतेक लोक उजवीकडे वळतात. देव उजव्या हाताला ठेवून डावीकडून प्रदक्षिणेला निघणारा आपला माणूस कुठे वळतो, हे मात्र कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. मला विचाराल तर तो पुढच्या कुटुंबाच्या मागून जातो.

हे पुढचं कुटुंब बघायचं तर पुण्यातल्या केळकर संग्रहालयात जावं. सर्वांत पुढे यजमान काका. शनिवारवाडा, सारसबाग आणि केळकर म्युझियम अशी पाहुण्यांची वारी त्यांनी इतक्यांदा केलेली असते, की ते वस्तूंकडे बघतच नाहीत. त्यांना फक्त टेकायला बाक हवा असतो. मागे धाकटा, त्याला पाणी हवं असतं आणि ते प्यायल्यावर लगेच दुसरं काही. थोरलीला मोबाइलसाठी बरा उजेड हवा असतो. आणि सगळ्यांच्या मागे, गुडघा धरत धरत, आजी.

कवितेत ‘अज्ञातवासी’ असलेल्या दिनकर केळकरांनी हा २० हजारांवर वस्तूंचा संसार गोळा केला आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्याला दिलं. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतक्याच मायेनं त्यांनी घराघरांतले दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं जमवली. त्यामुळे आजीची चाल इथे एकदम बदलते. पितळी वज्रीपाशी ती थांबते आणि म्हणते, “अगं बाई, आमच्याकडे अस्संच होतं!”

मग वज्रीनं टाच कशी घासायची, सासूबाईंची वज्री वेगळी का ठेवलेली असे, हे सगळं निघतं. थोरली मोबाइल खाली घेते. शेजारचं अनोळखी कुटुंबही सरकून जवळ येतं. त्यातल्या मावशी “आमच्याकडची मोराची होती” म्हणून स्पर्धेत उतरतात. “मग कुठंय आता ती?” धाकटा विचारतो. आजी जरा घुटमळते. “मोडीत घातली रे. स्टीलचे डबे आणले.” काचेतल्या वज्रीकडे सगळे आता निराळ्याच आदरानं बघू लागतात.

प्रेक्षकाला काय हवं, याची उत्तरं पुष्कळ आहेत. बाक, पाणी, स्वच्छतागृह, वाचता येईल अशी पाटी, यांतलं काहीच चैनीचं नाही. पण माणूस इथे ऐकायला येतो तसा सांगायलाही येतो, एवढं व्यवस्थेत धरलेलं नसतं. त्याच्या सांगण्यासाठी असते ती दाराजवळची अभिप्राय वही. तिथे पोचेपर्यंत बस चुकायची वेळ झालेली असते, म्हणून माणूस ‘फार छान. स्वच्छता ठेवावी’ एवढं लिहून सुटतो.

ती वही उचलून वज्रीच्या कपाटाशेजारी ठेवावी आणि तिच्याजवळ एक खुर्ची. कुठली वस्तू कशी वापरायची आणि कुणी वापरायची नाही, ते आज्या आपणहून लिहून देतील. शुद्धलेखनाची काळजी संग्रहालयानं करू नये. पुण्यात त्यासाठी वेगळा माणूस नेमावा लागत नाही. मागचा प्रेक्षक लाल पेन घेऊन उभाच असतो.