भागीदार, ब्रूनो आणि ओटीपी

पार्सल पोचवणाऱ्या माणसाला मराठीत अजून धड नाव मिळालेले नाही. टपाल आणतो तो पोस्टमन, दूध घालतो तो दूधवाला, पेपर टाकतो तो पेपरवाला. हा मात्र कधी कुरियरवाला, कधी डिलिव्हरी बॉय. बॉयचे वय पंचेचाळीस असते, मुलगी बारावीला असते, तरी तो बॉयच. ॲपवाल्या कंपन्या त्याला ‘पार्टनर’ म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. या भागीदारीत पेट्रोल, पंक्चर, पावसाळा आणि कुत्रा ही चार खाती त्याच्याकडे असतात, बाकीची कंपनीकडे. सोसायटीचा वॉचमन नावाच्या वादात पडत नाही. तो इंटरकॉम उचलतो आणि सांगतो, “पार्सल आलंय.” कुणी माणूसही आला आहे, असा त्यात उल्लेख नसतो.

धंदा तसा जुना. इंग्रजी अमदानीत टपालाची थैली पाठीवर टाकून धावणाऱ्या हरकाऱ्याच्या हातात भाला असे आणि भाल्याला घुंगरू बांधलेले असत. घुंगरांच्या आवाजाने जंगलातले जनावर बाजूला व्हावे, अशी ती सोय होती. म्हणजे वाटेत वाघ आडवा येईल, इथपर्यंतचा विचार सरकारने करून ठेवला होता. आजच्या पार्सलवाल्याला टी-शर्ट मिळतो आणि पाठीवर चौकोनी बॅग मिळते. भाल्याची तरतूद काढून टाकलेली दिसते. घुंगरांच्या जागी मोटरसायकलचा हॉर्न आला आहे. पण तो ऐकून जनावर बाजूला होत नाही, गोळा होते.

पार्सलचा प्रवास पिन कोडपासून सुरू होतो. हा सहा आकड्यांचा कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ केंद्राच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतात काव्य करीत. त्यांची रचना आजही चोख चालते. पहिला ४ दिसला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड. ४११ म्हणजे पुणे. ४११०३० म्हणजे सदाशिव पेठ. या सहा आकड्यांच्या जोरावर दिल्लीच्या गोदामातला मिक्सर दीड हजार किलोमीटर न चुकता येतो. चुकतो तो शेवटच्या दोनशे पावलांत, कारण ती दोनशे पावले ग्राहकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली असतात. ‘उपाशी विठोबाच्या अलीकडे, पूर्वी पिठाची गिरणी होती तिथून आत, तुळशीवृंदावनाच्या मागचा जिना.’ गिरणी बंद होऊन वीस वर्षे झालेली असतात. पार्सलवाला जालन्याहून येऊन दीड वर्ष झालेले असते. पूर्वी गिरणी कुठे होती हे ज्याला ठाऊक असते, तो पार्सले वाटत हिंडत नाही. तो कट्ट्यावर बसलेला असतो आणि “कुठल्या गिरणीबद्दल विचारताय, दोन होत्या,” असे म्हणतो.

मग फोन. नकाशातला निळा ठिपका दारात उभा असतो आणि पार्सलवाला भिंतीच्या पलीकडच्या बोळात. “तुम्ही कुठे आहात?” “दारातच आहे.” “आमच्या दारात कुणी नाहीये.” या संवादाला पेठांमध्ये एक जुना उपाय शिल्लक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दोरीला बांधलेली कापडी पिशवी गॅलरीतून खाली सोडतात. पिशवीत पार्सल ठेवायचे, ते डुलत डुलत वर जाते. गुप्त राखायचा ओटीपी मात्र वरून ओरडून खाली येतो. “सात... तीन... नऊ... आणि शेवटचा काय गं?” सुनेने आतून सांगितलेला आकडा समोरच्या वाड्यातल्या दोघांनी आधीच खाली पोचवलेला असतो.

नव्या वस्तीत जिना नसतो, लिफ्ट असते. म्हणजे दोन असतात, आणि जी बंद असते तिच्यावर ‘डिलिव्हरीसाठी’ असे लिहिलेले असते. इथे कायदेशीर बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्याला लिफ्ट वापरण्यास बंदी करता येत नाही. सूचना योग्य आहे, कारण म्हाताऱ्या कुत्र्याचे गुडघे दुखतात. पार्सलवाल्याच्या गुडघ्यांसाठी असे कुठले मंडळ नाही. त्यामुळे सातव्या मजल्यावरचा लॅब्रडॉर लिफ्टने खाली येत असतो, त्याच वेळी त्याच्याच खाद्याचे वीस किलोचे पोते जिन्याने वर जात असते. दोघांची गाठ पडते ती सातव्या मजल्यावरच, कारण लॅब्रडॉर तोवर फिरून परत आलेला असतो.

इथून विषयाचा मुख्य भाग सुरू होतो.

पार्सलवाल्याच्या दृष्टीने कुत्र्यांच्या जाती दोनच: रस्त्यावरचा आणि दारातला. प्रदर्शनात बक्षिसे मिळवणारे बाकीचे भेद चावल्यानंतर उरत नाहीत. दारातला कुत्रा पार्सलवाल्यावर भुंकतो, त्यामागे तर्क आहे. बेल वाजते, अनोळखी माणूस येतो, कुत्रा भुंकतो, माणूस निघून जातो. माणूस तसाही जाणारच होता, त्याला अजून बावीस ड्रॉप करायचे असतात. पण हे कुत्र्याला कुणी सांगितलेले नसते. आपण भुंकलो म्हणून तो पळाला, असा निष्कर्ष काढून कुत्रा समाधानाने पायपुसण्यावर बसतो. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग, तोच निकाल. पूर्वी पोस्टमन दिवसातून एकदा यायचा, त्यामुळे हे शिक्षण सावकाश चाले. आता सकाळी दूध, दहाला भाजी, दुपारी चार्जर, संध्याकाळी मोबाइलचे कव्हर आणि रात्री बिर्याणी अशी पाच-पाच आक्रमणे एका दिवसात परतवून लावायची संधी मिळते. हाती घेतलेले प्रत्येक काम रोज शंभर टक्के यशस्वी करणारा घरात दुसरा कुणी नसतो. छाती फुगणारच.

दार उघडल्यावर जे घडते त्याची संहिता ठरलेली आहे. फटीतून आधी नाक येते, मग ब्रूनो येतो, मग काकू येतात. पार्सलवाला पाठ भिंतीला लावून खोका ढालीसारखा धरतो.

“काकू, कुत्र्याला जरा आत घ्या ना.”

“कुत्रा नका हो म्हणू, ब्रूनो म्हणा. त्याला कळतं सगळं.”

“बरं, ब्रूनोला घ्या.”

“अहो, तो काही करत नाही. खेळतोय तुमच्याशी. घाबरू नका, घाबरलं की त्यांना वास येतो.”

शेवटचे वाक्य सल्ला म्हणून दिलेले असते. माणसाने कशाचा वास सोडावा यावर त्याचा ताबा असता, तर दुपारी दोन वाजता सातवा मजला चढून आल्यावर त्याने आधी घामाचाच बंदोबस्त केला असता. ‘तो काही करत नाही’ या वाक्याचा अर्थही नीट लावला पाहिजे. तो घरच्यांना काही करत नाही, एवढाच पुरावा काकूंजवळ असतो. इतका वेळ ओटीपी आलेला नसतो. काकूंचा फोन आत चार्जिंगला असतो, नंबर मुलाचा असतो आणि मुलगा हिंजवडीत मीटिंगमध्ये असतो. ओटीपी येईपर्यंत ब्रूनो पँटचा वास घेतो. त्या पँटवर सकाळपासूनच्या चौदा कुत्र्यांच्या दारांची हजेरी लागलेली असते, त्यामुळे वाचायला पुष्कळ असते.

रस्त्यावरचा कुत्रा इतका वेळ घेत नाही. तो चाकामागे धावतो, आणि रात्री अकरानंतर तिघाचौघांना घेऊन धावतो. जुने रायडर नव्याला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते कंपनीच्या व्हिडिओत नसते: गाडी पळवायची नाही, हळू करायची, फारच झाले तर इंजिन बंद करून थांबायचे, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, पाय टाकीवर घ्यायचे. गाडी थांबली की कुत्र्यांची पंचाईत होते, कारण पळत्याला पकडायचे एवढेच ठरलेले असते, पुढचा ठराव झालेला नसतो. काही जण खिशात पार्ले-जीचा पुडा ठेवतात. हा टोल पाच रुपयांत भागतो आणि आठवड्याभरात त्या चौकापुरता पास मिळतो. संत नामदेवांची कथा घरोघरी ठाऊक आहे: कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. सध्या पोळी पार्सलवाल्याकडे असते आणि धावण्याचा क्रम उलटा झालेला आहे. तूप वेगळ्या डबीत, ‘एक्स्ट्रा’ म्हणून.

डिलिव्हरी झाली नाही तर कारण नोंदवावे लागते. यादीत ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता चुकीचा, ग्राहकाने नाकारले, अशी कारणे असतात. कुत्रा हे कारण सहसा नसते. त्यामुळे बंगल्याच्या फाटकाबाहेर अडकलेला माणूस नाइलाजाने ‘ग्राहक उपलब्ध नाही’ दाबतो. ग्राहक उपलब्ध असतो, वरच्या गॅलरीत चहा पीत असतो. ब्रूनो जरा जास्त उपलब्ध असतो, एवढेच. अमेरिकेचे टपाल खाते या बाबतीत अगदीच अरसिक आहे. कुठल्या पत्त्यावर कुत्रा आहे याची सूचना तिथे पोस्टमनच्या हातातल्या यंत्रावर देता येते, कुत्रा मोकळा असेल तर त्या घराचे टपाल बंद होते, आणि किती कर्मचाऱ्यांवर कुत्रे धावून गेले याचा आकडा खाते दरवर्षी जाहीर करते. २०२४ साली तो ६,०००च्या वर होता. आपल्याकडे असा आकडा निघत नाही. भागीदाराला चावले तर ती त्याची खासगी बाब असते.

विनोद जिथे थांबतो अशी एक जागा आहे. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये जेवणाचे पार्सल घेऊन गेलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणावर दार उघडताच जर्मन शेफर्ड धावून आला. तरुण पळाला, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि काही दिवसांनी रुग्णालयात वारला. पाळलेले जनावर आवरण्यात हयगय करणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

चावा लागल्यास पहिला उपचार सोपा आहे: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. साबण आणि नळ दोन्ही काकूंच्या घरात असतात. दारात मिळतो तो ब्रूनोच्या लसीकरण कार्डाचा फोटो. तरी लस टाळता येत नाही, कारण रेबीज एकदा उमटला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने इतिहासजमा झाली आहेत. आता ती दंडात घेतात, बहुतेक सरकारी दवाखान्यांत शून्य, तीन, सात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि जखम खोल असेल तर पहिल्याच दिवशी तिच्यात वेगळे औषध. लस मोफत असते. रांग सकाळची असते, आणि इन्सेंटिव्हची वेळही.

आता उरला हक्कांचा प्रश्न. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी केंद्राने २००१ साली नियम केले आणि २०२३ साली ते सुधारले. कुत्र्याला पकडावे, नसबंदी करावी, लस टोचावी, कानाला खूण करावी आणि जिथून उचलले तिथेच आणून सोडावे, असे त्यात आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांत तो बदलला आणि पिसाळलेली व आक्रमक सोडून बाकीच्यांना पुन्हा आपापला चौक मिळाला. कुत्र्याचा हेवा करण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी कुणीतरी भांडले, एवढाच त्याचा गुन्हा. पार्सलवाल्याची कायद्यातली व्याख्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आणि ती अमलात यायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा त्याच्या सुरक्षेसाठी द्यावा, असे तीत म्हटले आहे. मात्र रेटिंग घसरले आणि आयडी ब्लॉक झाला, तर त्याला होता त्या चौकात परत आणून सोडावे, असा नियम त्यातही सापडत नाही.

तोवर करण्यासारखे थोडेच आहे. पार्सल निघाल्याचा संदेश फोनवर आला की ब्रूनोला आतल्या खोलीत न्यावे आणि कडी लावावी. फोन चार्जिंगवरून काढून हातात ठेवावा. आणि मागवलेले वीस किलोचे पोते असेल, तर लिफ्टचे वॉचमनला आधी सांगून ठेवावे.