सीएचरूटमधील नेटवर्कदोष : निदान व उपचार

सीएचरूट ही १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आलेली सोय. सांगितलेली डिरेक्टरी हीच मूळ डिरेक्टरी, असे प्रोग्रॅमला मानायला लावणे एवढेच तिचे काम. मशीन बूट होईनासे झाले की लाइव्ह यूएसबीवरून ते उठवावे, बिघडलेले पार्टिशन माउंट करावे, सीएचरूटने आत शिरावे आणि अपडेट सोडावे, असा परिपाठ आहे. त्यावर 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग' अशी ओळ उमटते. रात्रभर वाट पाहिली तरी तीच उमटत राहते.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे राउटर बंद करून पुन्हा चालू करणे. याचा उपयोग शून्य. तरी ती चुकवू नये, कारण त्याशिवाय घरातल्या इतरांना बिघाडाची झळ पोचत नाही. मग सीएचरूटच्या आतूनच सिस्टीमसीटीएलला नेटवर्क रीस्टार्ट करण्याचा हुकूम द्यावा. आपण सीएचरूटमध्ये आहोत, सबब हुकमाकडे दुर्लक्ष करत आहोत, असे ते रीतसर कळवते.

एवढे विधी आटोपले की निदानाकडे वळावे. सीएचरूटमुळे फक्त फाइलसिस्टीमचा देखावा बदलतो. कर्नल तोच, नेटवर्क कार्डही तेच. म्हणून ८.८.८.८ ला पिंग केल्यास बहुधा उत्तर येते. टेलिफोन चालू आणि नंबरांची डायरी गहाळ, अशी ही अवस्था. ही डायरी कोणाकडे मागायची, ते ईटीसीमधील रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलीत लिहिलेले असते. उबुंटूत ती सहसा खरी फाइल नसते, रन या डिरेक्टरीतल्या फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते; आणि सीएचरूटमधले रन रिकामे. तिच्यावर यजमान सिस्टीमची फाइल कॉपी करू गेल्यास लोंबकळत्या लिंकमधून लिहिणार नाही, असे सीपी ठणकावते. तेव्हा यजमानाचे रन बाइंड माउंट करावे. किंवा लिंक दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून यजमानाची फाइल आत आणावी आणि काम झाल्यावर लिंक जागी लावावी. आर्च-सीएचरूट ही स्क्रिप्ट ही उस्तवार स्वतः करते, हे आर्चवाले न विचारताही सांगतात.

सर्व्हरचा पत्ता सापडूनही अपडेट अडले तर घड्याळ पाहावे. तारीख मागे पडली असेल तर एपीटीला रिपॉझिटरीची फाइल भविष्यातली वाटते. एचटीटीपीएसची तक्रार असल्यास सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज आत आहे का ते तपासावे. नसल्यास ते डाउनलोड करावे, आणि डाउनलोड होत नसल्यास त्याचे कारण वरच दिले आहे.

काम झाल्यावर सगळे बाइंड माउंट काढावेत. ते तसेच ठेवून सीएचरूटची डिरेक्टरी आरएमने समूळ उडवल्यास माउंट केलेल्या यजमानाच्या फाइलीही जातात, आणि मग नेटवर्कची अडचण उरत नाही.